अ‍ॅप सुरू होतानाच गावांची यादी भरून सगळ्या वर्करना एकच प्रत कशी द्यावी?

लातूरकर:
मराठवाड्यातल्या ८ जिल्ह्यांच्या ७६ तालुक्यांतली गावं आणि बाजार समित्यांचे भाव दाखवणारं फ्लास्क (पायथनमधली वेब चौकट) अ‍ॅप आहे. ते चालवणाऱ्या गुनिकॉर्न सर्व्हरचे ४ वर्कर (स्वतंत्र प्रोसेस), रॅम २ जीबी. प्रत्येक वर्करची पहिली रिक्वेस्ट यादी भरण्यात रेंगाळते, आणि तीच यादी मेमरीत चार वेळा बसते. एकाच प्रतीवर भागेल का?

गोदाकाठ:
भागेल. मॉड्यूल लोड होतानाच यादी वाचा आणि गुनिकॉर्नचं प्रीलोड (वर्कर काढण्याआधीच कोड लोड करणं) चालू करा. मास्टर (वर्करची मूळ प्रोसेस) यादी एकदाच भरतो, मग फोर्क करून, म्हणजे स्वतःसारखीच प्रोसेस तयार करून, वर्कर काढतो. फोर्क होताना लिनक्स मेमरीची नक्कल करत नाही. मेमरीच्या ज्या पानावर (ठरावीक आकाराच्या भागावर) कुणी लिहील तेवढ्याचीच वेगळी प्रत होते.

मास्टरमध्ये डेटाबेसचं कनेक्शन मात्र उघडं ठेवू नका. चारही वर्कर एकाच सॉकेटवर बोलू लागतात आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हाती पडतं. यादी वाचून झाली की पूल (उघड्या कनेक्शनचा साठा) बंद करा.

तेरणा:
पायथनमध्ये इथंच मेख आहे. ऑब्जेक्ट नुसता वाचला तरी त्याचा रेफरन्स काउंट (तो किती ठिकाणांहून वापरात आहे तो आकडा) बदलतो, म्हणजे पानावर लिहिलं जातं आणि प्रती हळूहळू वेगळ्या होतात. नको असलेले ऑब्जेक्ट साफ करणारा गार्बेज कलेक्टरही त्यात भर घालतो. त्याला पायथन ३.७ पासून आलेलं जीसी फ्रीझ (असलेले ऑब्जेक्ट कलेक्टरच्या नजरेआड ठेवणारं फंक्शन), फोर्कच्या अगदी आधी, पुरतं. रेफरन्स काउंटला नाही. म्हणून हजारो छोट्या डिक्शनऱ्या नकोत. तालुकावार तयार जेसन (डेटा मजकुरात मांडायची पद्धत) बाइट्सच्या रूपात ठेवा, ७६ तुकडे. मग काउंट बदलला तरी तुकड्याच्या सुरुवातीचं पानच तेवढं वेगळं होतं. मोजताना आरएसएसवर (प्रोसेसनं रॅममध्ये व्यापलेल्या जागेचा आकडा) जाऊ नका, तो सामायिक पानं प्रत्येक वर्करच्या नावावर धरतो. पीएसएस बघा, तो सामायिक पानं वर्करमध्ये वाटून धरतो.

लातूरकर:
भावही असेच ठेवू का, भाऊ?

गोदाकाठ:
नको. एका वर्करनं बदललेला भाव बाकीच्यांना दिसणार नाही. वेबपान रिफ्रेश केलं की सोयाबीनचा भाव कधी नवा, कधी जुना. भाव रेडिसमध्ये (सगळ्या वर्करना सामायिक असा मेमरीतला डेटा-साठा) ठेवा. तिथली भावाची की (नोंद) १५ मिनिटं जगू द्या, पण ५ मिनिटांनंतर शिळी समजा. तेव्हा एनएक्स (की आधीच नसेल तरच टाका, हा पर्याय) लावून १० सेकंदांची कुलूप-की टाका. जिला कुलूप मिळेल ती रिक्वेस्ट डेटाबेसकडे जाईल, बाकीच्या जुना भाव देतील. नाहीतर सौद्याच्या वेळी सगळ्या एकदम डेटाबेसवर तुटून पडतात.

तेरणा:
आणखी एक. प्रीलोड असताना एचयूपी या रीलोडच्या सिग्नलनं नवा कोड येत नाही, यादीही जुनीच राहते. सर्व्हिस रीस्टार्ट करा.