लहान टूलकिटमध्ये देवनागरी मोडते: फोर्क करू, पॅच देऊ की क्यूटीवर जाऊ?

डिचोलीकर
नमस्कार. मी फर्मागुढीला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गावच्या वाचनालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्राम लिहितोय. तिथला कॉम्प्युटर जुना, मेमरी २ जीबी, लिनक्स टाकलेलं. म्हणून सी भाषेतली एक छोटी मुक्तस्रोत टूलकिट, म्हणजे बटणं-खिडक्या दाखवणारा तयार कोड, घेतली. बटणं, याद्या, खिडक्या झकास चालतात, पण मजकूर मोडतो. 'डिचोली'तली पहिली वेलांटी ड च्या उजवीकडे जाऊन बसते, 'पर्वरी'तला रफार चढतच नाही, 'कुंकळ्ळी'त हलन्त उघडा पडतो. ग्रंथपाल काका म्हणाले, "गावाचं नावच असं छापलं तर सभासदांच्या हातात पावती कशी ठेवू?" मूळ प्रकल्पात हल्ली फारसे बदल होत नाहीत. फोर्क करून, म्हणजे तिची वेगळी प्रत काढून, ती मीच सांभाळावी का?

पर्वरीकर
क्यूटी ही मोठी टूलकिट घे आणि मोकळा हो. देवनागरी नीट दिसते, एलजीपीएल हा मुक्त परवाना आहे, साध्या विजेट्सना (बटणं, याद्या वगैरे) २ जीबी पुरतात. उद्या कंपनीने मुक्त आवृत्ती बंद केली तर, ही भीतीही नको. क्यूटीवर लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या केडीईवाल्यांनी १९९८ मध्येच त्यासाठी फाउंडेशन करून करार करून ठेवलाय.

फोंड्याची_ताई
एका मुक्त टूलकिटमधला मजकुराचा भाग मी सांभाळते, नोकरीवरून आल्यावर रात्री. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझी टूलकिट एकेक युनिकोड चिन्ह घेते, फॉन्टमधून त्याची आकृती काढते आणि आधीच्या आकृतीशेजारी ठेवते. इंग्रजीचं तेवढ्यावर भागतं. आपल्याकडे साठवायचा क्रम एक आणि दिसायचा दुसरा. 'डि'मध्ये आधी ड साठतो, मग वेलांटी. 'पर्वरी'त र, हलन्त, व असे ओळीने साठतात आणि रफार व च्या डोक्यावर जातो. फॉन्टमधले नियम वाचून ही जुळणी हार्फबझ नावाची लायब्ररी करते. ती स्वतः लिहायला अजिबात जाऊ नकोस. जीटीके आणि क्यूटी या टूलकिट, अँड्रॉइड, फायरफॉक्स सगळे हार्फबझच वापरतात. तिला सुटी अक्षरं न देता अख्खा शब्द किंवा ओळ द्यायची. बदल्यात प्रत्येक आकृतीचा क्रमांक मिळतो, किती सरकायचं ते मिळतं आणि ती मूळ मजकुरातल्या कुठल्या जागेची, म्हणजे क्लस्टर, तेही मिळतं.

दिसण्याचा प्रश्न इथे सुटतो. खरा घाम लिहायच्या चौकटीत निघतो. 'कुंकळ्ळी'च्या मधोमध माउस टेकवला तर कर्सर कुठे उभा राहावा? ळ्ळी च्या पोटात शिरता कामा नये. यासाठी तो क्लस्टर उपयोगी पडतो. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ साली आला, त्यामुळे जुना कोड ळ् आणि ळी वेगळे मोजतो. बॅकस्पेसला मात्र एकेकच चिन्ह पुसू दे: आधी वेलांटी जावी, मग ळ. टाइप करणाऱ्याला चुकलेली वेलांटी तेवढी बदलायची असते, सगळं जोडाक्षर गेलं तर तो वैतागतो. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीने लिहिणाऱ्याचं साध्या कीबोर्डवर भागेल. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणारे आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम वापरतात. त्यांचा अर्धवट शब्द चौकटीत अधोरेखित दिसायला हवा, ते काम टूलकिटचंच.

आता फोर्क. माझं स्पष्ट मत, करू नकोस. फोर्क म्हणजे वेलँडचे (लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या पद्धतीचे) बदल, विंडोज, प्रत्येक डिस्ट्रोचं पॅकेज, परक्यांचे बग, सगळं तुझ्या एकट्याच्या गळ्यात, आणि पुढच्या वर्षी तू नोकरीत असशील. मूळ सांभाळणाऱ्याला पत्र लिही. प्रकल्प शांत आहे म्हणजे माणूस गेला असं नव्हे. माझ्याकडेही कित्येक आठवडे काहीच येत नाही. पॅच, म्हणजे मूळ कोडसाठी पाठवायचा बदल, लहान ठेव: हार्फबझ ऐच्छिक, जुन्या फंक्शनांची नावं आणि आर्ग्युमेंट्स जशीच्या तशी. त्यांना हात लावलास की तिच्यावर उभे असलेले सगळे प्रोग्राम अडतात. जीटीके जन्मली गिंप या चित्रांच्या प्रोग्रामसाठी, पण जीटीके ३ आली २०११ मध्ये आणि गिंपची तिच्यावरची पक्की आवृत्ती निघाली २०२५ मध्ये. तोवर जीटीके ४ येऊनही चार वर्षं झाली होती. एपीआय, म्हणजे ही फंक्शनं, बदलायचा विचार मनात आला की मी हे आठवते.

डिचोलीकर
ताई, खूप आभार. आज पत्र लिहितो. एक राहिलं: आमचे एक सभासद दृष्टिहीन आहेत, ते घरी ऑर्का हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम वापरतात. पुस्तकांची यादी त्यांना काउंटरवर स्वतः ऐकता यावी अशी काकांची इच्छा आहे. हे या टूलकिटमध्ये होईल?

फोंड्याची_ताई
हे आधी सांगायला हवं होतंस रे. मग उत्तर बदलतं. तुझी टूलकिट खिडकीत नुसते पिक्सेल रंगवते; ऑर्काला तिथे बटण आहे की यादी हे कळतच नाही. ती माहिती एटी-एसपीआय या लिनक्समधल्या ठरलेल्या मार्गावरून द्यावी लागते. ॲक्सेसकिट ही लायब्ररी जोडून हे करता येतं, सीमधूनही, पण प्रत्येक विजेटचं नाव, भूमिका आणि स्थिती कळवत बसणं हे मोठं काम आहे आणि ते सभासद आज वाट बघतायत. वाचनालयासाठी पर्वरीकर म्हणतात तसं क्यूटी घे, त्यात ही सोय आहे. शब्द मराठीत वाचणारा आवाज ऑर्काला निवडलाय ना, तेवढं बघ.

हार्फबझचा पॅच तरीही पाठव. तुझ्यासारखा दुसरा कोणीतरी जुन्या मशीनवर हीच टूलकिट घेईल. सोबत चाचणीचे शब्द दे: डिचोली, पर्वरी, कुंकळ्ळी, सत्तरी, शिवाय 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' ही जोडी. दोन्ही सारखे दिसले तर ऱ कुठेतरी हरवतोय. आपल्या पुस्तकांत पोर्तुगीज नावंही असतात, तिल्द (ã) आणि सेडिलासकट (ç) एखादं टाक. मराठी न येणाऱ्या सांभाळणाऱ्यालाही कळावं म्हणून प्रत्येक शब्दाचं बरोबर दिसणारं चित्र जोड. पॅच पाठवलास की दुवा इथे टाक, मी तपासून देते.