पहिला ओपन माइक, ५ मिनिटं, मराठीत: कागदावर हसू येतं, बोलताना पडतं

चौथी_सीट
पुण्यात पुढच्या गुरुवारी स्टँड-अप कॉमेडीच्या ओपन माइकला (नवख्यांनाही विनोद सादर करता येतात असा कार्यक्रम) ५ मिनिटांचा स्पॉट आहे. लाइनअप हिंदी-मराठी मिश्र, माझा सेट पूर्ण मराठी, साधारण साडेसहाशे शब्दांचा. वाचणारे हसतात, पण तोच विनोद मोठ्याने बोलला की पडतो. नमुना देतो:

‘आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाणी जपून वापरा अशी नोटीस सेक्रेटरींनी टाकली, तेव्हा त्यांनी डीपीला वॉटर पार्कमधला फोटो ठेवलेला होता.’

काय बदलू? आणि माइकचं, वेळेचं काय सांभाळायचं?

तिसरी_घंटा
विनोद बरा आहे, घात क्रियापदाने केलाय. ‘वॉटर पार्क’ ऐकलं की माणूस हसायला तोंड उघडतो आणि तुमचं अजून ‘-मधला फोटो ठेवलेला होता’ चालूच असतं. ते ऐकण्यासाठी तो हसू आवरतो. आवरलेलं हसू परत येत नाही. लिहिताना आपण वाक्य क्रियापदावर संपवतो, त्यामुळे पंचाला (हसू आणणाऱ्या शेवटच्या शब्दांना) शेपूट राहतं. बोलताना मात्र आपण क्रियापद सर्रास पुढे घेतो (‘आला बघ शहाणा!’). तेच वापरा:

‘सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस आली, पाणी जपून वापरा. टाकली कोणी? सेक्रेटरींनी. आणि त्यांच्या डीपीत मागे दिसतंय... वॉटर पार्क.’

‘पार्कमध्ये’ नाही, ‘पार्क’. प्रत्यय लागला तरी धार जाते. हशा निम्मा ओसरला की लगेच टॅग, म्हणजे त्याच विनोदाला जोडलेली छोटी ओळ: ‘स्टेटस काय? जल हेच जीवन.’ टॅगला नव्याने काही समजावून सांगावं लागत नाही, म्हणून छोट्या सेटमध्ये सगळ्यात स्वस्त हसू तिथेच मिळतं.

आता सगळा सेट घ्या आणि प्रत्येक पंचाच्या शेवटच्या शब्दाखाली लाल रेघ मारा. तिथे ‘होता’, ‘झालं’, ‘असं म्हणाली’ दिसलं की वाक्य फिरवा. संवाद असेल तर ‘आई म्हणते’ आधी आणि तिचं वाक्य नंतर.

साडेसहाशे शब्द जास्त आहेत. घरी घड्याळ लावून ४ मिनिटांत संपेल इतकंच ठेवा. उरलेलं मिनिट हशाचं. हशा नाहीच आला तर लवकर उतरा, त्याबद्दल कोणी रागावत नाही.

फीडबॅक_नको
माइकचं मी सांगतो. बहुतेक ठिकाणी एसएम५८ किंवा तशाच घडणीचा डायनॅमिक माइक असतो. तो जवळून येणारा आवाजच नीट पकडतो. ओठांपासून दोन-तीन बोटं अंतर ठेवा आणि माइक किंचित तिरका धरा, नाहीतर ‘फ’, ‘भ’ला फटाके वाजतात. जाळी मुठीत धरायची नाही. मागून येणारा आवाज टाळायची सोय त्या जाळीखालच्या फटींमुळेच असते. त्या झाकल्या की आवाज बसका होतो आणि स्पीकर शिट्टी मारतो. स्पीकरच्या तोंडासमोर जाऊन उभं राहिलं तरी तेच.

नवखे लोक पंच टाकताना हात खाली सोडतात, म्हणजे नेमका कामाचा शब्द छातीपाशी हरवतो. नक्कल करायला दोन्ही हात हवे असतील तर माइक स्टँडवरच राहू द्या. हातात घेणार असाल तर पहिलं वाक्य बोलायच्या आधी स्टँड उचलून मागे ठेवा. क्लिप घट्ट असते, तेव्हा शो सुरू होण्याआधी एकदा काढून बघा.

रात्रपाळी
तिसरी_घंटा यांच्याशी सहमत, पण फक्त पंचापुरती. मांडणीची वाक्यं सरळच असू द्या. ‘टाकली कोणी?’ छापाचा प्रश्न सेटमध्ये एकदा चालतो. तिसऱ्यांदा विचारलात की कीर्तन वाटतं आणि उत्तर तुमच्या आधी प्रेक्षक देतो.

हिंदी-मराठी मिश्र प्रेक्षकांत आणखी एक खड्डा. ज्या शब्दावर पंच उभा आहे तो हिंदीवाल्यांनाही तोच अर्थ देतो का, हे तपासा. ‘शिक्षा’वर विनोद असेल तर त्यांच्या डोक्यात शाळा येते. ‘चेष्टा’ म्हणालात तर प्रयत्न. मांडणीतला एखादा शब्द हुकला तरी निभतं, पंचातला हुकला की संपलं.

क्रम: दुसऱ्या क्रमांकाचा चांगला विनोद सुरुवातीला, सगळ्यात चांगला शेवटी, कच्चा माल मध्ये. पहिलं हसू २० सेकंदांच्या आत यायला हवं. पुणेरी पाट्या आणि दुपारी १ ते ४ नकोत. होस्टने किंवा तुमच्या आधीच्या तिघांपैकी कोणीतरी ते वापरलेलं असतं.

चौथी_सीट
वाक्यं फिरवली, सेट ४ मिनिटं १० सेकंदांवर आलाय. दोन शंका. ‘माझी पहिलीच वेळ आहे’ असं म्हणून सुरुवात करू का? आणि मध्येच विसरलो तर?

रात्रपाळी
नका करू. होस्ट बहुधा नाव पुकारतानाच ते सांगतो. त्यात तुम्हीही तेच म्हणालात, तर प्रेक्षक हसायचं सोडून तुम्हाला सांभाळायला लागतो.

विसरण्यासाठी: प्रत्येक बिटचा (एका विषयावरच्या विनोदांच्या तुकड्याचा) एकच शब्द, असे पाच-सहा शब्द जाड अक्षरांत चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी स्टुलावर पाण्याच्या बाटलीखाली ठेवा. तळहातावर लिहिलेलं घामाने पुसतं. अडलात तर पाणी प्या, चिठ्ठी बघा, पुढच्या बिटवर जा. सुटलेला विनोद आठवत बसू नका, तो सुटल्याचं फक्त तुम्हाला माहीत असतं.

तिसरी_घंटा
वेळ संपत आल्याची खूण म्हणून लाइट कुठून आणि कितव्या मिनिटाला दाखवणार, ते होस्टला आधीच विचारा. बहुधा शेवटचं मिनिट उरलं की मागून मोबाइलचा टॉर्च हलवतात. दिसला की मान हलवा आणि थेट शेवटच्या बिटवर उडी मारा. वेळ ओलांडणाऱ्याला पुन्हा स्पॉट मिळणं अवघड होतं. काही ठिकाणी परफॉर्मरकडूनही पैसे घेतात किंवा सोबत प्रेक्षक आणायला सांगतात, तेही आजच विचारून ठेवा.

रेकॉर्डिंग कराच. फोन एअरप्लेन मोडवर, प्रेक्षकांच्या टेबलावर. खिशात ठेवलात तर नुसती कापडाची खसखस ऐकू येते. दुसऱ्या दिवशी ऐकताना कागदावर हशाचे सेकंद टिपा. समोर वीसेक माणसं असतील आणि त्यातली निम्मी आपल्या स्पॉटची वाट बघत वहीत डोकं घालून बसलेली असतील, म्हणून एका रात्रीवरून विनोद काढून टाकू नका. तीन वेगळ्या ठिकाणी पडला तर काढा.