दिव्यांग मुलाच्या आईने शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद मागितलं, तर बिघडलं कुठे?

बांधावरची बोरी (धागा)

आमच्या गावच्या जि. प. शाळेत पुढच्या रविवारी पालकसभा आहे. व्यवस्थापन समितीची मुदत संपली, नवी निवडायची आहे. गावातल्या एक ताई उभ्या राहताहेत, आणि सदस्य झाल्यावर अध्यक्षपदही मागणार, असं त्यांनी आधीच सांगून टाकलंय. त्यांचा मुलगा दुसरीत आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) आहे, व्हीलचेअर वापरतो. गेली काही वर्षं या ताई तालुक्यातल्या दिव्यांग पोरांना घेऊन पहाटेच्या एसटीने जिल्हा रुग्णालयात जातात. तपासणी, प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), सगळं हाती पडेपर्यंत पाठ सोडत नाहीत. 'आमच्या पोरीला कशाला शाळा' म्हणणाऱ्या घरांतूनही त्यांनी मुलं वर्गात आणलीत.

पारावर बोललं जातंय की त्या फक्त दिव्यांगांचंच बघतील. मला हे अजिबात पटत नाही. स्वच्छतागृहाचं दार अरुंद आहे, खुर्ची आत जात नाही, म्हणून ताई रोज मधल्या सुट्टीत शाळेत येऊन मुलाला उचलून नेतात. दोन वर्षं, रोज. टाकीत पाणी कधी नसतं, खिचडी कधी पातळ होते, कोणता वर्ग गुरुजींविना बसलेला असतो, हे मावळत्या समितीतल्या कुणालाही त्यांच्याइतकं ठाऊक नव्हतं.

रॅम्पचंच घ्या. यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीच्या, माहितीत 'रॅम्प आहे' अशी नोंद. ओटा २ फूट उंच. १ फूट चढायला १२ फूट लांबी, हे प्रमाण धरलं तर रॅम्प २४ फूट हवा. आपला ७ फूट. खुर्ची वर चढवायला दोन माणसं लागतात, आणि पावसाळ्यात तर कुणी धजत नाही. टेप घेऊन हे मोजलं कुणी? ताईंनी.

विरोधातलं मत असेल तर तेही मोकळेपणी मांडा.

गावठाण

मी याच गावचा आणि माझा विरोध आहे. ताईंच्या कामाबद्दल आदरच आहे. पण पट २३ वर आलाय, चार वर्गांना दोन शिक्षक, छप्पर गळतंय. शाळा टिकते की नाही हाच आधी प्रश्न आहे. २३ पैकी दिव्यांग मुलं दोन. त्यांचं म्हणणं मांडायला सदस्यपद पुरेसं आहे. अध्यक्ष सगळ्या पोरांचा हवा. शिवाय पंचायत समितीत खेटे घालायचे तर मुलाला घरी सोडून त्यांना कसं जमणार?

डोंगरवाट

हा शेवटचा प्रश्न आजवर कुठल्या बापाला विचारलात, दादा?

आणि सदस्यपद ही काही मेहरबानी नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, आणि वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं या वंचित गटात आली. म्हणजे तुम्ही जे उदार मनाने देताय, ते कायद्याने आधीच दिलेलं आहे. प्रश्न अध्यक्षपदाचा आहे, आणि दिव्यांग मुलाच्या आईने ते घेऊ नये असं त्या कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही.

खडूफळा

मी दुसऱ्या जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहे, एकोणीस वर्षं. माझी भीती वेगळी आहे. विशेष शिक्षक नेमणं समितीच्या हातात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं. माझ्याकडे मात्र शाळाशाळांतून फिरणारे विशेष शिक्षक महिन्यातून एकदा आले तरी भाग्य. मग अध्यक्षबाई जाब विचारणार कुणाला? समोर दिसतो त्या गुरुजीला. जे त्याला शिकवलंच नाही, ते त्याच्याकडून मागणार.

माझ्या वर्गात एक कर्णबधिर मुलगी होती. मला खुणांची भाषा येत नव्हती. फळ्यावर चित्रं काढून जमेल तेवढं शिकवलं. तिची आई कधी चकार शब्द बोलली नाही, दोन वर्षांनी पोरीला घरी बसवलं. ती भांडली असती तर मला तेव्हा रागच आला असता. पण कदाचित पोरगी शाळेत राहिली असती. हे लिहिताना माझं मत डळमळतंय, तरी भीती आहेच.

पांगुळगाडा

मला स्वतःला लहानपणी पोलिओ झाला, कुबड्यांवर चालतो. माझा विरोध निवडणुकीला आहे. सभेत हात वर होतील ते 'बिचारी' म्हणून, आणि पहिल्या मतभेदाला तेच लोक 'हिला डोक्यावर बसवलं' म्हणतील. तमिळनाडूने २०२५ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत दिव्यांगांना नामनिर्देशित करण्यासाठी कायदा बदलला. तशी पक्की जागा हवी, कुणाच्या दयेवर नको. ग्रामपंचायतीचा ५ टक्के दिव्यांग निधी मागताना मी काय काय ऐकलंय ते मलाच माहीत.

डोंगरवाट

तुमचं दुखणं समजतं. पण नेमलेला माणूस नेमणाऱ्याचं ऐकतो. ताईंना पालकांनी निवडलं, तर त्यांना गप्प बसवणं अवघड जाईल. पक्की जागाही हवी आणि निवडणूकही, दोन्ही मागू या.

बांधावरची बोरी

खडूफळा सर, तुम्ही लिहिलंत ते ताईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "गुरुजींशी मला भांडायचंच नाही. गुरुजींसाठी भांडायचंय." कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा समितीने करायचा असतो, आणि शासनाच्या अनुदानाला तोच आधार धरायचा असतो. आजवर तो दोन सह्यांत उरकला गेला. विशेष शिक्षकाची मागणी, रॅम्पची लांबी, दाराची रुंदी हे आराखड्यात लेखी गेलं, तर वरच्यांना लेखी उत्तर द्यावं लागेल. तुमच्यासारख्या शिक्षकाच्या बाजूने असा कागद आजवर कुणी उभा केलाय का?

गावठाण

आणि छप्पर?

बांधावरची बोरी

त्यांच्या वहीत पहिलं पान छपराचंच आहे. कोणत्या वर्गात किती पत्रे फुटलेत, पाणी कुठे साठतं, सगळं टिपलेलं आहे. रविवारी वही घेऊन येणार आहेत, स्वतः बघा. सभा वर्गात न घेता खाली पटांगणात घ्यावी, असा अर्जही त्यांनी मुख्याध्यापकांना दिलाय. शाळेतल्या दुसऱ्या दिव्यांग मुलाच्या आजीला ओटा चढवत नाही, आणि त्याची पालक तीच आहे.

गावठाण

पटांगणात ऊन लागेल. माझ्याकडे दोन ताडपत्र्या आहेत, शनिवारी संध्याकाळी बांधून देतो. मत कुणाला ते वही बघून ठरवीन.