मदत हवी आहे: आईचा माळा आवरायचाय, हात चालत नाही

मंडळी, आई जाऊन दीड वर्ष झालं. दिवाळीआधी माळा रिकामा करायचा ठरवलंय, पण दर रविवारी एक डबा उघडते आणि तासाभराने तशीच खाली उतरते. काल श्रीखंडाचे रिकामे डबे निघाले, एकात एक घातलेले एकवीस! सगळ्यात आतल्या डब्यात रबरबँडं. हसले, रडले, परत तिथेच ठेवले.

डबे जातील हो. अडलंय ते पितळेच्या पातेल्यांपाशी. कल्हई उडालीय, त्यामुळे ताक-आमटी कळकते. मोडीत वजनावर जातील, पण काठावर आईचं नाव कोरलंय. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हल्ली कुणी कल्हई करून घेतली आहे का? रोज वापरली तर किती महिने टिकते?

दुसरं, सुती नऊवारींची गोधडी हाताने शिवून देणारं कुणी माहीत आहे का? आणि १९८५पासूनचे दिवाळी अंक? वाचनालयवाले नको म्हणतात, रद्दीवाल्याला द्यायला माझा हात उचलत नाही.

भाऊ म्हणतो, "टाकून दे सगळं." सिंगापुरात बसून म्हणायला काय जातंय!

रात्री पडलं की माळा छातीवर आल्यासारखा वाटतो. तुमच्यापैकी ज्यांनी हे केलंय, त्यांनी सुरुवात कशापासून केली?