समुद्राकाठच्या बंगल्याचं काम घेऊ का?

प्रश्न: मी नागपुरात १८ वर्षं रंगकामाचे ठेके घेतो. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, भिंत तापते, म्हणून आम्ही पहाटेच ब्रश हातात घेतो. आता रत्नागिरीत समुद्रालगतचा बंगला मिळतोय. खाऱ्या हवेचा अनुभव नाही. काय सांभाळू?

उत्तर: भाऊ, आधी भिंत गोड्या पाण्याने धुवा. मीठ राहिलं तर ते ओल ओढतं, रंगाला फुगे येतात. पूर्ण वाळल्याशिवाय प्रायमर (रंगाखालचा पहिला हात) नको.

उत्तर: ग्रिलचा गंज घासला की त्याच दिवशी झिंक फॉस्फेट प्रायमर मारा. रात्रभर उघडं ठेवलं की पुन्हा गंज.

प्रश्नकर्ता: म्हणजे धुण्या-वाळवण्याचे दिवस दरात धरायलाच हवेत. पावसाळा सरला की जातो. पोरांना आजच सांगतो.