बाल्कनीत दाण्यांचा ट्रे करायचाय, चिमण्या-बुलबुल-खारी याव्यात, कबुतरं नकोत. डिझाइन सुचवा

चौथा_मजला:
नमस्कार मंडळी, प्रश्न साधाच आहे पण डोक्याला ताप झालाय म्हणून विचारतोय. पुण्यात कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहतो, बाल्कनी आठ बाय चार, अर्ध्या भागाला ग्रिल, आणि नशिबाने समोरच जुना उंबर आहे त्यामुळे बुलबुल, साळुंक्या, तांबट, खारी सगळे डोळ्यासमोर असतात. आई गावाहून आल्यापासून रोज सकाळी कठड्यावर मूठभर भात ठेवते, तिची लहानपणापासूनची सवय. पण त्या भाताला चिमण्या राहिल्या बाजूला, पंधरा-वीस कबुतरं येऊन बसतात. खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर प्रसाद पडतो, दोनदा बोलाचाली झाली, सोसायटीच्या ग्रुपवर नाव न घेता मेसेज पण पडला (कोणाबद्दल ते सगळ्यांना कळलं).

मग मी ऑनलाइन एक प्लास्टिकचा ट्रे मागवला, चारशे रुपये, दिसायला झकास, छोटंसं कौलारू घर. कबुतरं त्यावर एका वेळी पाच-पाच बसली, एक कान तुटला, नायलॉनची दोरी खारीने दोन दिवसात कुरतडली आणि अवकाळी पावसात दाणे भिजून असा काही आंबूस वास सुटला की बायकोने तो तसाच कचऱ्यात टाकला.

आता स्वतःच बनवावा म्हणतोय. ड्रिल आहे, हॅकसॉ आहे, एक रविवार आहे. घरात १२ एमएम प्लायचा तुकडा पडलाय तो चालेल का? साइज किती? छप्पर लागतं का? आणि मेन म्हणजे लहान पक्षी येतील आणि कबुतरं येणार नाहीत असं खरंच काही करता येतं का? आईला "घालू नको" म्हणणं हा ऑप्शन नाही हे आधीच सांगतो.

करवत_आणि_कानस:
प्लाय ठेवा बाजूला. एका पावसाळ्यात पापुद्रे सुटतात, फटीत ओले दाणे अडकतात आणि बुरशी धरते, बरं रंग लावावा तर पक्षी त्यावरच चोची मारणार. मी नाशिकला सहा-सात वर्षं हे उद्योग करतोय, चार ट्रे फसले, पाचवा चालला, आणि तो सुतारकामाचा नाहीच, भांड्याच्या दुकानातला आहे. स्टीलची चाळण! दहा इंच व्यासाची घ्या, काठ फार उंच नको, दीड इंच बास, म्हणजे आत बसलेल्या पक्ष्याला मान वर केली की मांजर दिसतं. भोकं बाजरीच्या दाण्यापेक्षा लहान हवीत, दुकानात जाताना खिशात चिमूटभर बाजरी घेऊन जा आणि तिथेच चाळून बघा, दुकानदार हसेल, हसू दे. चाळणीत पाणी साठत नाही, खालून वारा लागतो, आणि बेसिनमध्ये घासता येते. जो ट्रे घासायचा कंटाळा येतो तो ट्रे कितीही सुंदर असला तरी महिन्याभरात घाण होतो, हे चार ट्रे फसल्यावर कळलं.

आता कबुतरं. चिमणी साधारण सहा इंचाची, बुलबुल आठ, कबूतर चांगलं बारा-तेरा इंच आणि वजनाला चिमणीच्या दसपट. म्हणजे त्याला बसायला जागा आणि डोक्यावर उंची दोन्ही लागतं. तेच काढून घ्यायचं. बांधकामवाल्यांचं प्लास्टिकचं घमेलं आणा, सोळा-अठरा इंची, चाळणीवर उलटं टांगा आणि घमेल्याची कड खाली आणत आणत चाळणीच्या काठापासून तीन-साडेतीन इंचावर आणा. चिमणी खालून सुर्रकन आत शिरते. कबूतर घमेल्यावर उतरतं, घसरतं, परत येतं, दोन-चार दिवस सर्कस करतं आणि मग नाद सोडतं. पावसाचं छप्पर पण तेच झालं.

टांगायची पद्धत अशी की वरून एकच पातळ लोखंडी साखळी, ती घमेल्याच्या मधोमध पाडलेल्या भोकातून खाली, घमेल्याच्या खाली साखळीच्या कडीत आडवा नटबोल्ट, त्यावर घमेलं टेकतं. त्याच्याखाली साखळीचे तीन फाटे चाळणीच्या काठाला. बोल्ट एक कडी वर-खाली केला की फट बदलते, त्यामुळे माप पहिल्या फटक्यात जमलं नाही तरी बिघडत नाही. भोकं पाडल्यावर कानस मारायला विसरू नका, पत्र्याची कड बोटाला लागते तशी पायालाही लागते. आणि दोरी अजिबात नको, खार कुरतडते तो मुद्दा वेगळा, सुटलेले धागे पक्ष्यांच्या पायात गुंततात.

चौथा_मजला:
भारी! हे मला सुचलंच नसतं. पण टरफलं खाली सांडणार त्याचं काय, काकू आहेत खाली.

करवत_आणि_कानस:
चाळणीच्या खाली चार बोटं अंतर सोडून जुनं ताट अडकवा. चारच बोटं हं, जास्त सोडलंत तर कबूतर ताटात येऊन बसेल आणि सांडलेलं निवांत खाईल, माझा तिसरा ट्रे याच कारणाने गेला. आणि ट्रे कठड्याच्या बाहेर लोंबकळत ठेवू नका, आतल्या बाजूला टांगा, वाऱ्याने साखळी निसटली तर काकूंच्या डोक्यात घमेलं.

दादर_ते_डोंबिवली:
कबुतरांचा विषय निघाला म्हणून, थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे फक्त चादरी खराब होण्यापुरतं नसतं. वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं नाकातोंडात गेली की काही लोकांच्या फुफ्फुसाला कायमची सूज येते, आमच्या नात्यात एका मावशींना ऑक्सिजन लागला, त्यांच्या किचनच्या खिडकीबाहेर डक्टमध्ये कबुतरांची वस्ती होती. मुंबईत २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेने ताडपत्री टाकली तेव्हा केवढा राडा झाला तो सगळ्यांनी बघितलाय, दोन्ही बाजूंचं ऐकलं, पण मावशींना बघितल्यावर माझं मत पक्कं आहे. तुमच्याकडे आई आहेत, वय असेल. कठडा साफ करताना कोरडा खरवडू नका, आधी पाणी मारून भिजवा, तोंडाला मास्क लावा. आणि जमलं तर धान्य बंदच करा.

सातभाई:
दादरकरांचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, फक्त मी थोडं वेगळं म्हणेन. ट्रेचा आकार नंतर, आधी त्यात काय वाढायचं ते ठरवा, कारण पाहुणे मेनू बघून येतात. कबूतर मुख्यतः दाणे खाणारं, पपईची फोड त्याला फारशी खुणावत नाही. तुमच्या समोर उंबर आहे म्हणजे फळं खाणारी मंडळी दारातच आहेत, तर अर्धा पेरू, पपई, केळ्याचा तुकडा ठेवा, बुलबुल साळुंकी तर येतीलच, कोकीळ पण येतो, आणि तो आला की घरात वाद होतो की हा कावळा का कोण. काळा कुळकुळीत आणि लाल डोळ्यांचा तो नर, गातो तोच, मादी तपकिरी ठिपक्यांची. तांबट उंबर सोडून तुमच्या ताटात येईल याची खात्री नाही, त्याचं झाडावर छान चाललंय.

फळासाठी चाळण नको, चिकट होते. एक जाड लाकडी फळी ग्रिलला बांधा, त्यात बांबूची बोथट खुंटी बसवा आणि तिच्यावर फळ खोचा. काही लोक खिळा ठोकतात, फळ संपलं की तो टोकदार खिळा तसाच उघडा राहतो, मला ते बघवत नाही. मुंग्या येणारच, त्यासाठी फळी ग्रिलला न बांधता टांगून ठेवलीत तर तारेच्या मध्यावर पाण्याची छोटी वाटी ओवा, पूर्वी दुधदुभत्याच्या कपाटाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या असायच्या ना, तीच आयडिया उलटी. संध्याकाळी उरलेलं फळ उचला.

दाण्यांचं म्हणाल तर बाजरी, राळा, तांदळाची कणी, बास. आईंचा भात चालेल पण बिनमिठाचा, आणि मूठभर म्हणजे खरंच एक मूठ. फोडणीचा भात, शेव, फरसाण, बिस्किटं, ब्रेड नको. शेंगदाणे बुरशी लागलेले असतील तर अजिबात नको, आपण खात नाही ते त्यांनाही नाही. आणि एक गोष्ट चिमणीप्रेमी विसरतात, चिमणीची पिल्लं दाण्यांवर वाढत नाहीत, आईबाप त्यांना अळ्या-किडे आणून भरवतात. म्हणून कुंड्यांवर कीटकनाशक मारू नका, चार अळ्या पडल्या तर पडू दे. कढीपत्ता मोठ्या कुंडीत लावा, त्याची काळी फळं बुलबुल वेड्यासारखी खातात, त्याला ना ट्रे लागतो ना साखळी.

काचेचा दरवाजा आहे का बाल्कनीला? असेल तर ट्रे काचेपासून तीन फुटांच्या आत टांगा. विचित्र वाटेल, पण पक्षी दचकून उडाला तर एवढ्या कमी अंतरात त्याला वेग घेता येत नाही, लागलं तरी जोरात लागत नाही. आठ-दहा फुटांवरून उडाला की थाडकन आपटतो.

अर्धी_भाकरी:
घमेल्याऐवजी बाहेरून जाळीचा पिंजरा केला तर? दीड इंची वेल्डमेश, चिमण्या आत, कबुतरं बाहेर.

सातभाई:
चालतं, पण मग बुलबुल बिचकतो, साळुंकी तर घुसतच नाही. शिवाय ट्रे जाळीपासून सहा-सात इंच आत पाहिजे, नाहीतर कबूतर बाहेर उभं राहून मान घालतं. चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत एवढा मोठा पिंजरा म्हणजे बायको पिंजऱ्यासकट तुम्हाला बाहेर काढेल.

खटावचे_काका:
सगळं वाचलं. शहरातल्या लोकांना एक विचारतो, दाण्याच्या एवढ्या गप्पा, पाण्याचं कोणीच बोललं नाही? आमच्याकडे माणदेशाच्या बाजूला चैत्र-वैशाखात दाणा कुठेही मिळतो, पाणी मिळत नाही. आमच्या मळ्यात विहिरीपाशी आजोबांच्या काळची दगडी डोण आहे, जनावरांना पाणी पाजायची, तिच्यावर दिवसभर राबता, होले, साळुंक्या, सातभाई, दुपारी मुंगूस, रात्री कोण कोण येऊन जातं ते सकाळी चिखलातल्या पावलांवरून कळतं. पण खोल डोणीत लहान पाखरू पडलं की वर येत नाही, मधमाश्या तर ढिगाने बुडतात. म्हणून एका टोकाला दगडांची उतरण केलीय आणि पाण्यावर एक वाळकं लाकूड सोडलंय. तुम्ही बाल्कनीत मातीचं पसरट परळ ठेवा, दोन इंचाच्या वर खोल नको, मधे एक खडबडीत दगड. स्टीलचं भांडं उन्हात तापतं, माती गार राहते. पाणी रोज ओतून परळ घासायचं, नुसतं वरून भर घालायची नाही, आठ-दहा दिवसात डासांची पूर्ण पिढी तयार होते त्यात.

दुसरं, तळमजल्यावाले आणि गावाकडचे कोणी वाचत असतील तर, रात्री दाणा शिल्लक ठेवू नका. दाण्याला उंदीर येतो आणि उंदरामागे साप. आमच्या शेजाऱ्यांनी हौसेने पडवीत ट्रे टांगला, पंधरा दिवसात खाली धामण. धामण बिनविषारी, तिचं काही नाही, पण नाग पण त्याच वाटेने येतो. आणि माकडं असतील तिथे तर हे काही करूच नका, एकदा चटक लागली की घरात शिरतात.

दादर_ते_डोंबिवली:
काका, चौथ्या मजल्यावर धामण आली तर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज नाव घेऊन पडेल.

चौथा_मजला:
मंडळी, तीन आठवड्यांनी अपडेट देतोय, उशिराबद्दल सॉरी. चाळण १८० रुपये, घमेलं ९० ला, साखळी आणि बोल्ट मिळून शंभरच्या आसपास. दुकानात बाजरी चाळून बघितली, दुकानदार हसलाच. पहिल्यांदा फट पाच इंच ठेवली होती, एक कबूतर अंग चोरून आत गेलं आणि तिथेच अडकल्यासारखं फडफडायला लागलं, घाबरलो, मग एकदम साडेतीनवर आणली. त्यानंतर कोणी आत गेलं नाही. पहिले सहा दिवस चिमण्या पण आल्या नाहीत, आई म्हणाली तुझ्या घमेल्याने सगळ्यांनाच पळवलं. सातव्या दिवशी एक चिमणा आला, काठावर बसला, आत बघितलं, गेला. आता पाच-सहा येतात रोज.

बुलबुल मात्र घमेल्याखाली जात नाहीत, ते पपईच्या फळीवर. परळात आंघोळ करतात आणि काचेवर शिंतोडे उडवतात, पुसतो. खार साखळीवरून उतरायला बघते, घमेल्यावरून घसरून ग्रिलवर पडते, परत चढते. शेवटी तिच्यासाठी ग्रिलच्या कोपऱ्यात नारळाची करवंटी बांधली, खोबरं चिकटलेलं तसंच ठेवून. आता तिने घमेल्याचा नाद सोडलाय.

आईचं असं ठरलं की भात चाळणीत जाणार, फक्त एक घास कठड्यावर कावळ्यासाठी, आणि तो उचलेपर्यंत ती स्वतः तिथे उभी राहणार. कावळा साडेसातला येतो, तिच्या वेळेला. कबुतरं समोरच्या टाकीवर बसून बघतात. काकू अजून बोलत नाहीत पण काल चादर पूर्वीच्याच जागी वाळत घातली होती.

करवत_आणि_कानस:
करवंटीला खाली भोक पाडलंय ना? नसेल तर पावसाच्या आत पाडा, पाणी साठून खोबरं कुजेल. आणि साखळीला गंज धरतोय का ते महिन्यातून एकदा बघत जा, कडी झिजते ती नेमकी वरच्या हुकाजवळची.