एसव्हीजी व्हिजिओत उघडली की जोडरेषा सुट्या होतात, काय करावं?

प्रश्न:
नेटवर्कची आकृती इंकस्केप या ड्रॉइंग प्रोग्रॅममध्ये काढली आहे, फाइल एसव्हीजी (रेषा-आकारांची नोंद ठेवणारा चित्र-फॉरमॅट) आहे. क्लायंटला व्हीएसडीएक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या व्हिजिओ या आकृती-प्रोग्रॅमची फाइलच हवी आहे, कारण पुढचे बदल ते स्वतः करणार. इंकस्केपमध्ये त्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करायची सोय नाही. एसव्हीजी थेट व्हिजिओत उघडली तर दिसते व्यवस्थित, पण सर्व्हरचा चौकोन सरकवला की रेषा तिथेच राहते. दुसरा कन्व्हर्टर वापरून काम होईल का?

उत्तर १:
ईएमएफ (विंडोजचा चित्र-फॉरमॅट) करून व्हिजिओत इम्पोर्ट करा, मग अनग्रुप.

उत्तर २:
ईएमएफने हा प्रश्न सुटत नाही, उलट पारदर्शक रंग बिघडतात. मूळ अडचण वेगळी आहे. एसव्हीजीला चौकोन कळतो, पाथ (रेषेचा मार्ग) कळतो, पण ‘ही रेषा त्या चौकोनाला जोडलेली आहे’ हे सांगायची जागाच त्या फॉरमॅटमध्ये नाही. फाइलमध्ये जे नाही ते कन्व्हर्टर कुठून आणणार?

तरी एक गोष्ट आधी बघा. रेषा इंकस्केपच्या कनेक्टर टूलने काढल्या होत्या का? मूळ फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून ‘कनेक्शन-स्टार्ट’ शोधा. इंकस्केप ही नोंद स्वतःपुरती ठेवतं. प्लेन एसव्हीजी केलेली प्रत घेऊ नका, त्यात ती उडते.

प्रश्नकर्ता:
सापडली! प्रत्येक रेषेला स्टार्ट आणि एंड दोन्ही आहेत.

उत्तर २:
मग छान, ही नोंद वाचून व्हिजिओ फाइल बनवणारी स्क्रिप्ट लिहिता येईल. २०१३ च्या आवृत्तीपासूनची व्हिजिओ फाइल म्हणजे झिपमध्ये बांधलेलं एक्सएमएल. एक्स्टेन्शन बदलून उघडा, पेजेस फोल्डरमधल्या पेज१ मध्ये शेप्स आणि कनेक्ट्स दिसतील. कोणत्या रेषेचं टोक कोणत्या शेपला, ते कनेक्ट्समध्ये लिहायचं. सांभाळायचं ते मोजमाप: व्हिजिओ आत इंच धरतं, वाय खालून वर मोजतं, आणि पिनएक्स-पिनवाय (शेपची जागा सांगणारा बिंदू) हा सहसा शेपचा मध्य असतो, कोपरा नव्हे. एसव्हीजीत वाय वरून खाली. एकक पिक्सेल असेल तर ९६ ने भागा, व्ह्यूबॉक्स (एसव्हीजीत ठरवलेली चित्राची मोजपट्टी) मिलिमीटरमध्ये असेल तर २५.४ ने. मजकूर मात्र मजकूरच राहू द्या. पाथ केलात तर क्लायंटला सर्व्हरचं नावसुद्धा बदलता येणार नाही.

आकृती लहान असेल तर स्क्रिप्टच्या फंदात पडू नका. एसव्हीजी वेगळ्या लेअरवर लॉक करा, वरून स्टेन्सिलचे (व्हिजिओच्या तयार आकार-संचातले) शेप ठेवा आणि व्हिजिओच्याच कनेक्टरने जोडा.

प्रश्नकर्ता:
आकृती मोठी आहे, स्क्रिप्टच लिहितो. आधी दोन चौकोन आणि एक रेषा एवढंच करून बघतो.